मिलिटरीतून उतरलेली जिप्सी : विदर्भातून वारंवार येणारे प्रश्न

मिलिटरीची डिस्पोजल जिप्सी (मारुतीची फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर जाणारी जीप) घ्यायची म्हणून विचारणारे फोन कापूस विकून झाला की वाढतात, ते पोळ्यापर्यंत थांबत नाहीत. विचारणं तेच ते असतं, म्हणून एकत्र लिहून ठेवलं आहे. भर जिप्सीवर आहे, कारण आपल्याकडे येते ती बहुतेक जिप्सीच. जोंगा या जुन्या लष्करी जीपबद्दल शेवटाकडे थोडं आहे. कागदांचे प्रश्न मुद्दाम जास्त घेतले. गाडीतली खोड मिस्त्री काढतो. कागदातली खोड निघेलच असं नाही.

१. डिस्पोजल गाडी म्हणजे नेमकी कोणती? हिरवी दिसली की मिलिटरीची का?

लष्कराने वापरून ताफ्यातून काढलेली आणि लिलावात विकलेली गाडी म्हणजे डिस्पोजल. जिप्सी १९८५ पासून साध्या गिऱ्हाइकालाही मिळत होती, त्यामुळे हिरवा रंग हा काही पुरावा नाही. खऱ्या लष्करी गाडीवर खुणा राहतात: मागे ओढायचा जाड हूक, जेरीकॅनची चौकट, वायरलेसच्या अँटेनासाठी पाडलेली आणि नंतर बुजवलेली भोकं. गाडीखाली वाकून मागचं डिफरन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांमधला लोखंडी गोळा, पाहा. पांढऱ्या रंगाचा थर खरवडल्यावर दिसला आणि त्यावर रोखलेला छोटा दिवा किंवा त्याची रिकामी पट्टी असली, तर ती ताफ्यात चाललेली गाडी. रात्री हेडलाइट बंद ठेवून जाताना मागचा ड्रायव्हर त्या पांढऱ्या ठिपक्यावर नजर ठेवतो.

२. जिप्सीत मॉडेल किती आणि कोणतं घ्यावं?

ढोबळमानाने तीन. १९८५ चं ९७० सीसी कार्ब्युरेटरचं, १९९६ पासूनचं १३०० सीसीचं ‘किंग’, आणि त्यानंतरचं एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी पेट्रोल इंजेक्शनवालं), साधारण ८० हॉर्सपॉवरचं. सर्वसामान्यांसाठीची विक्री २०१८-१९ मध्ये थांबली. एमपीएफआय मिळत असेल तर दुसरीकडे पाहू नका. कार्ब्युरेटरवाली स्वस्त पडते, पण आपल्या उन्हाळ्यात ती काय करते ते प्रश्न १३ मध्ये वाचा.

३. लिलावात थेट बोली लावून घेता येते का? पुलगाव, कामठी इथून मिळते का?

पुलगावचा डेपो दारूगोळ्याचा आहे आणि कामठीला गार्ड्स रेजिमेंटचं केंद्र आहे. गेटवर जाऊन ‘गाडी आहे का’ विचारून काही होत नाही. सरकारी आणि लष्करी भंगाराचे लिलाव बहुतांशी एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावात होतात. तिथे नोंदणी करावी लागते, अनामत भरावी लागते, आणि माल ‘आहे तसा, आहे तिथे’ या अटीवर असतो. गाड्या बरेचदा लॉटमध्ये निघतात, म्हणजे एक हवी असली तरी पाच घ्या. ठरलेल्या मुदतीत उचलायच्या, आणि चालू नसलेली गाडी ट्रकवर घालून आणायची.

म्हणून शेतकरी माणसाच्या वाट्याला गाडी येते ती व्यापाऱ्याच्या हातून. त्यात वाईट काही नाही. फक्त व्यापाऱ्याकडे कोणता कागद आहे ते पाहायचं (प्रश्न ५).

४. फौजी भाऊ बदली झाली म्हणून स्वस्तात जिप्सी विकतोय, फोटो आणि ओळखपत्रही पाठवलं. पैसे टाकू का?

नका टाकू. ही ठगी देशभर चालते. फोटोत वर्दी, ओळखपत्र, ‘गाडी मिलिटरीच्या पार्सलने येईल, भाडं आधी भरा’ हा ठरलेला पाठ. लष्कराची गाडी जवानाच्या मालकीची नसते, तो ती विकू शकत नाही. आणि त्याची स्वतःची खासगी गाडी असेल तर तिला साधा नंबर आणि साधं आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) असतं. गाडी समोर उभी नसताना एक रुपयाही नाही.

५. व्यापारी म्हणतो, ‘आरसी नाही, पण फॉर्म २१ आहे, पासिंग तुम्ही करून घ्या.’ चालते का?

पासिंग म्हणजे आरटीओत गाडीची नोंदणी. चालू शकते, पण याच वळणावर सगळ्यात जास्त लोक अडकतात, म्हणून जरा बारकाईने वाचा.

लष्करी गाडीला साधं आरसी नसतंच. वर जाणारा बाण आणि त्यापुढचा नंबर ही संरक्षण खात्याची नोंद. लिलावानंतर ती नोंद संपते आणि गाडी तुमच्या-आमच्या जगात बिननावाची येते. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या नियम ४७ मध्ये अशा गाडीसाठी संबंधित लष्करी कार्यालयाचं मूळ विक्री प्रमाणपत्र, फॉर्म २१, मागितलं आहे. अर्ज फॉर्म २० मध्ये करायचा, आणि त्या फॉर्ममध्येच ‘नवीन गाडी, माजी लष्करी गाडी की आयात गाडी’ असा रकाना आहे. म्हणजे कायद्याने वाट आहे.

अडचण कुठे येते? फॉर्म २१ वर नाव असतं लिलावात घेणाऱ्याचं. त्याने पासिंग न करता गाडी दुसऱ्याला दिली, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि तुमच्यापर्यंत येईस्तोवर हातात झेरॉक्स आणि एक शंभराचा स्टॅम्पपेपर उरतो. त्या स्टॅम्पपेपरला आरटीओत किंमत नाही. दुसरी अडचण वयाची आणि प्रदूषणाच्या निकषांची. जुन्या गाडीची पहिली नोंद आज घ्यायची की नाही यावर कार्यालय हरकत काढू शकतं.

आमचा सल्ला सरळ आहे. बयाणा देण्याआधी फॉर्म २१ ची प्रत घेऊन तुमच्या आरटीओत जा: नागपूर ग्रामीण एमएच-४०, वर्धा ३२, यवतमाळ २९, अमरावती २७, चंद्रपूर ३४, गडचिरोली ३३, जे तुमचं असेल ते. तिथे लेखी विचारा. ‘होऊन जाते भाऊ, आपला माणूस आहे आत’ हे एजंटचं बोलणं लेखी उत्तर नव्हे. याहून सोपं म्हणजे विदर्भातला नंबर आधीच पडलेली, ज्याच्या नावावर आहे त्यानेच विकायला काढलेली गाडी घ्यायची. चाळीस-पन्नास हजार जास्त गेले तरी ती स्वस्त.

६. चेसिस नंबर जुळतो, इंजिन नंबर जुळत नाही. गाडी चोरीची का?

तेवढ्यावरून म्हणता येत नाही. लष्कराच्या वर्कशॉपमध्ये इंजिन बदललेलं असू शकतं. कागदोपत्री ते निस्तरता येतं, पण निस्तरायचं विकणाऱ्याने, सौद्याच्या आधी.

उलटं असेल, म्हणजे चेसिस नंबर जुळत नसेल, तर तिथूनच परत फिरा. जिप्सीचा नंबर पुढच्या चाकाजवळ चेसिसच्या पट्टीवर पंच केलेला असतो. वायर ब्रश आणि ओलं फडकं सोबत न्या. चिखल काढल्यावर अक्षरं एका ओळीत, एकसारख्या खोलीची दिसली पाहिजेत. आजूबाजूला जुना गंज आणि नेमका तेवढा वीतभर भाग गुळगुळीत, त्यावर ताजा काळा रंग, असं दिसलं तर ग्राइंडर फिरलेला आहे. बोट फिरवलं तरी कळतं.

७. दिल्लीची जिप्सी निम्म्या भावात मिळते. आणावी का?

स्वस्त का आहे ते आधी समजून घ्या. दिल्ली परिसरात १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर न्यायालयीन निर्बंध आले, म्हणून तिथल्या गाड्या बाहेर ढकलल्या जातात. गाडी आणायला तिथल्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला), म्हणजे फॉर्म २८, लागते. इथे आल्यावर नवा नंबर, महाराष्ट्राचा कर आणि पर्यावरण कर. एनओसी महाराष्ट्राच्या, शक्यतो तुमच्याच आरटीओच्या नावाने निघाली आहे का आणि तिची नोंद परिवहनच्या ऑनलाइन दप्तरात दिसते का, दोन्ही पाहा. ट्रकभाडं धरून हिशेब मांडला की निम्मा भाव निम्मा राहत नाही. त्यात उत्तरेकडच्या गाड्यांची फ्लोअर गंजून चाळणी झालेली असते, ती वेगळी.

८. डबवालीची नवी कोरी उघडी जीप साडेतीन लाखात मिळते म्हणे. ती डिस्पोजलच ना?

नाही. हरियाणातल्या मंडी डबवालीत सुटे भाग जोडून जीप बांधण्याचा मोठा धंदा आहे. कारागिरी पाहण्यासारखी, पण त्या गाडीला जे आरसी जोडून देतात ते बहुधा कुठल्यातरी मेलेल्या महिंद्राचं असतं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे की कंपनीच्या मूळ रचनेत बदल करून गाडी नोंदवता येत नाही. लग्नाच्या वरातीत शोभते, नाक्यावर नाही.

९. मिलिटरीचा हिरवा रंग ठेवला तर चालते का? फौजेत होतो, मला तोच आवडतो.

भावना कळते, पण नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी राखीव आहे. माजी सैनिकालाही सूट नाही. पासिंगच्या आधी रंग बदला आणि तोच आरसीवर लिहून घ्या. बाणाचा नंबर, तुकडीची चिन्हं, ‘ARMY’ ची पाटी हेही उतरवायचं. भामरागड-एटापल्लीकडे राहणाऱ्यांनी तर हे पहिल्या दिवशीच करावं. तिथे हिरव्या जिप्सीतून फिरणं ही हौस नक्षलवादी आणि पोलीस अशा दोन्ही बाजूंनी अंगाशी येऊ शकते.

१०. आरसीची १५ वर्षं संपलेली आहेत. घेतली तर?

खासगी गाडीचं आरसी १५ वर्षांचं, पुढे तपासणी होऊन पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. त्याचं शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झालं, आणि वीस वर्षांवरच्या गाड्यांना त्याहून जास्त. शिवाय पर्यावरण कर, विमा, पीयूसी, हाय सिक्युरिटी नंबरप्लेट. मुदत संपलेली गाडी विकणाऱ्याने नूतनीकरण करून द्यावी आणि मगच नावावर करावी (फॉर्म २९ आणि ३०). ‘तुम्ही करून घ्या, पाच हजार कमी द्या’ यात घाटा तुमचाच. तपासणीत गाडी नापास झाली तर ती तुमच्या दारात उभी राहते.

११. डिझेल इंजिन बसवलेली जिप्सी आहे. मायलेज चांगला देते. घ्यावी का?

आरसीवर इंधन ‘पेट्रोल’ असेल तर नको. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि प्रश्न ८ मधला निकाल, दोन्ही आड येतात. अपघात झाला की विमा कंपनी पहिलं बोट त्यावरच ठेवते. पुढचा लोखंडी बुलबारही तसाच: डिसेंबर २०१७ पासून केंद्राने राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलेलं आहे. रानडुकराची भीती खरी आहे, पण बुलबारने ती कमी होत नाही. वेग कमी केला तर होते.

१२. गाडी पाहायला गेल्यावर काय काय पाहू?

किलोमीटरचा काटा पाहू नका. लष्करी गाडी कमी पळालेली दिसली तरी तासन्‌तास उभ्याने इंजिन चालू राहिलेलं असतं.

आधी चेसिस. मागच्या चाकांच्या वर जिथे ती कमान घेते, तिथे हातोडीची मूठ हलकेच मारा. ‘टण’ आवाज पाहिजे, ‘भद्‌’ आला तर आतून पोकळ. पाय ठेवायची जागा, बॅटरीखालचा पत्रा, काचेच्या चौकटीचा खालचा कोपरा, हे गंजाचे अड्डे. रबर मॅट उचलू देत नसेल तर तिच्याखाली काहीतरी आहे.

मग पुढची चाकं. जॅकवर घेऊन वर-खाली धरून हलवा. खेळ असेल तर किंगपिनचे बेअरिंग गेले. रस्त्यावर ५०-६० च्या वेगात स्टिअरिंग थडथडतं ते बहुतेक यामुळेच. हबच्या आतल्या बाजूने काळं ग्रीस गळत असेल तर तिथली सीलं गेलेली. ही कामं नागपूर, अमरावती, चंद्रपूरचा कोणताही चांगला मिस्त्री करतो. इंजिनाचे बरेच भाग जुन्या मारुती एस्टीमशी नातं सांगणारे असल्याने तेही मिळतात. ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणारी गिअरपेटी) आवाज करत असेल तर मात्र भावात मोठी घासाघीस करा. तिचा सामान शोधण्यात हंगाम जातो.

पाटे कडक आहेत ही तक्रार करू नका. जिप्सीला चारही चाकांना पाटेच असतात, ती अशीच आदळते.

१३. एप्रिल-मे मध्ये गाडी चढावर बंद पडते, थंडी झाली की सुरू होते. कायले?

कार्ब्युरेटरवाली असेल तर व्हेपर लॉक. चंद्रपूर-नागपूरच्या पंचेचाळीस अंशांत, इंजिनाच्या गरमीने नळीतलं पेट्रोल उकळून वाफ होते आणि पंपाला ओढता येत नाही. पंपावर ओलं फडकं ठेवून पंधरा मिनिटं थांबलं की चालते. कायमचा उपाय म्हणजे पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या उष्णतेपासून दूर नेणं, आणि रेडिएटर धुणं. कापसाच्या दिवसांत सरकी-रुईचा भुसा जाळीत बसतो, तो कोणी काढत नाही. एमपीएफआयमध्ये पंप टाकीतच असल्याने ही कटकट जवळपास नसते.

आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. जुन्या रबरी नळ्या त्याने फुगतात, चिरतात. गाडी घेतल्या घेतल्या सगळ्या नळ्या बदला, आणि चार महिने उभी ठेवायची असेल तर टाकी भरून ठेवू नका.

१४. छोटा गिअर टाकला तरी पुढची चाकं फिरत नाहीत. फोर बाय फोर गेलं का?

बरेचदा काहीच गेलेलं नसतं. हाताने फिरवायचे हब असलेल्या गाडीत पुढच्या दोन्ही चाकांच्या मध्यभागी चकती असते, त्यावर ‘फ्री’ आणि ‘लॉक’. ती ‘फ्री’वर असेल तर आत दांडा फिरतो, चाक नाही. खाली उतरून दोन्ही बाजू ‘लॉक’ करा, चिखलात शिरण्याच्या आधी. फसल्यावर ती चकती गाळात गेलेली असते आणि पकडीनेही हलत नाही.

डांबरी रस्त्यावर आलात की फोर बाय फोर काढा. पुढची आणि मागची चाकं वळणावर सारखं अंतर कापत नाहीत. चिखल ते फरक सोसतो, डांबर सोसत नाही. सगळा ताण गिअरांवर जातो आणि मग लीव्हर निघता निघत नाही.

१५. आमचं वावर काळ्या मातीचं. पांदण रस्ता जुलै ते दिवाळी बंदच. जिप्सी जाईन का?

जाईल, पण ट्रॅक्टरसारखी नाही. साधारण हजार किलोची ही गाडी हलकी, आणि जमिनीपासून २१० मिलिमीटर वर. बाकीच्या जड गाड्या जिथे पोटावर बसतात तिथून ती निघते. मात्र तिला डिफरन्शियल लॉक नाही. काळ्या मातीत पुढचं एक आणि मागचं एक चाक गरगर फिरतं, उरलेली दोन गंमत पाहतात.

रुंद टायर घालू नका. हिरोगिरीला बरे, पण काळी माती त्यात भरून चाकाचा गुळगुळीत लाडू होतो. मूळ मापाचे, खोल खाचांचे टायर, हवा थोडी कमी, लो गिअर, आणि एकदा निघालात की मध्ये थांबायचं नाही. पाऊस पडून दोन तास झालेली पांदण सर्वात वाईट. धो-धो पडत असताना उलट बरी, कारण टायर धुऊन निघतो. पलीकडच्या धुऱ्यावर ट्रॅक्टरवाला ओळखीचा असू द्या.

१६. खताच्या गोण्या, संत्र्याचे कॅरेट किती नेता येतात?

ती ५०० किलो वर्गातली गाडी. डीएपीच्या पन्नास किलोच्या दहा गोण्या म्हणजे भार संपला, त्यात तुम्ही आणि गडी धरलाच नाही. सात गोण्या आणि दोन माणसं हा सोसणारा हिशेब. ट्रॉली ओढायला लावू नका. पेट्रोल एका लिटरला नऊ ते बारा किलोमीटर, लो गिअरमध्ये त्याचं निम्मंही नाही. टाकी ४० लिटरची. रोज वरुड-मोर्शीच्या बाजारात माल न्यायचा असेल तर छोटा पिकअप घ्या, जिप्सी नको.

१७. घेऊन ताडोबात सफारीला लावली तर?

खासगी नंबरची गाडी भाड्याने चालवता येत नाही, आणि व्याघ्र प्रकल्पात सफारीसाठी वनविभागाकडे नोंदलेल्याच गाड्या आत जातात. आधी तुमच्या गेटच्या कार्यालयात, मोहर्ली असो की कोलारा, नवीन नोंदणी सुरू आहे का आणि गाडीच्या वयाची अट काय ते विचारा. मग गाडी शोधा. लोक उलट करतात.

१८. पर्लकोटा नदीला पूर असताना मिलिटरीची गाडी पार होते ना?

नाही. भामरागडच्या त्या पुलावरून पाणी वाहत असेल तर थांबायचं. गाडी हलकी असणं चिखलात फायद्याचं, वाहत्या पाण्यात तोच तोटा. पाणी ती उचलतं. उथळ, संथ नाला चाकाच्या मध्यापर्यंत, आधी पायी चालून पाहिलेला, एवढीच मर्यादा. नंतर ब्रेक कोरडे करा आणि हबचं ग्रीस तपासा.

१९. जोंगा मिळतेय. घ्यावी का?

जबलपूरच्या वाहन कारखान्यात निसानच्या परवान्यावर बनलेली, १९९९ मध्ये बंद झालेली ही गाडी. सहा सिलिंडर, जवळपास चार लिटरचं पेट्रोल इंजिन, मायलेज चार-पाच. सामान जबलपूरला अजून मिळतं आणि नागपूरहून ते मुंबईपेक्षा कितीतरी जवळ, ही आपली सोय. पण ही हौसेची गाडी, रविवारची. कागदांना प्रश्न ५ आणि ६ जसेच्या तसे लागू.

२०. मग भाव किती द्यावा?

आकडा सांगत नाही, कारण तो महिन्याला बदलतो. भाव वर नेणाऱ्या गोष्टी या क्रमाने धरा: आपल्या जिल्ह्याचं जिवंत आरसी, न गंजलेली चेसिस, एमपीएफआय, आणि सगळ्यात शेवटी रंग आणि टायर. विकणारा नेमका उलट क्रमाने सांगतो. मारुतीचीच नवी फोर बाय फोर जिम्नी २०२३ मध्ये एक्स-शोरूम १२.७४ लाखांपासून आली. डिस्पोजल गाडी आणि तिच्या दुरुस्तीची बेरीज त्याच्या निम्म्यावर जायला लागली तर थांबा.

२१. वडिलांनी घेतलेली डिस्पोजल जीप गोठ्याशेजारी उभी आहे. वडील वारले. नावावर होते का?

वडिलांच्या नावावर आरसी असेल तर होते. मृत्यूची माहिती आरटीओला तीस दिवसांत द्यायची आणि वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ भरायचा. वेळ निघून गेली असली तरी दंड भरून मार्ग निघतो. मृत्यूचा दाखला, वारसांचे संमतीपत्र आणि चालू विमा तयार ठेवा. बहिणींच्या सह्या आधी घ्या, नंतर मागायला गेलं की वावराचा विषय निघतो.

आरसी कधी झालंच नसेल आणि घरात फक्त फॉर्म २१ असेल, तर मूळ प्रत शोधा. पेटी, माळा, देव्हाऱ्यामागचा कप्पा, सगळीकडे. मूळ सापडली आणि ती वडिलांच्याच नावाची असली, तर प्रश्न ५ प्रमाणे आरटीओला लेखी विचारा. झेरॉक्सच असेल तर ती गाडी रस्त्यावर आणायचा खर्च करू नका. अधिकृत स्क्रॅप केंद्र ती घेईल का ते विचारा, आणि देताना त्यांच्याकडून पावती आणि प्रमाणपत्र घ्या. गावातल्या भंगारवाल्याला दिली तर तिचा चेसिस नंबर उद्या दुसऱ्याच गाडीवर फिरू शकतो.